डिस्क कशाने जाते

मे महिन्यातली दुपार. टेबलावर लॅपटॉप, शेजारी उभी ठेवलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क, पलीकडे स्कॅनर. स्कॅनरचं झाकण उघडायला हात पुढे केला आणि मनगटात केबल अडकली. डिस्क टेबलावरून खाली पडली नाही. उभी होती ती आडवी झाली, एवढंच. उंची जेमतेम साडेचार इंच. ‘टक्’ असा आवाज आला, मी ती परत उभी केली, आणि थोड्या वेळाने संगणक विचारू लागला: ही डिस्क फॉरमॅट करायची का?

त्या डिस्कवर आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयातले चाळीस जुने दिवाळी अंक होते, स्कॅन केलेले. ६०० डीपीआयला ए-फोर आकाराचं रंगीत पान घेतलं की एकेक फाइल १०० एमबीच्या घरात जाते; दोनशे पानांचा अंक म्हणजे २० जीबी. दोन वर्षांच्या सुट्ट्या मी त्यात घातल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. ती पुढच्या महिन्यात करायची होती.

मग जे कुणीही करील तेच मी केलं. केबल काढली, परत लावली. दुसऱ्या पोर्टला लावून बघितली. भावाच्या संगणकाला लावून बघितली. दर वेळी आतून खट्, खट्, खट्, आणि मग शांतता. चार दिवसांनी ती पुण्यात एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेली. त्यांनी स्वच्छ हवेच्या कपाटात तिचं झाकण उघडलं आणि मला काचेतून बघायला बोलावलं. तबकडी आरशासारखी चकचकीत असते. हिच्यावर मात्र कडेपासून बोटभर आत एक गोल चरा उठला होता. कोपऱ्यात नखाएवढा पांढरा फिल्टर असतो, तो करडा पडला होता.

‘ताई, पडल्यावर किती वेळा लावून बघितलीत?’

‘पाच-सहा वेळा.’

‘पहिल्याच वेळी बंद करून आणली असतीत, तर हेड बदलून बरंचसं काढता आलं असतं. ही जी पूड दिसतेय ना फिल्टरवर, ती तबकडीच्या वरच्या थराची आहे.’

काही निघालं नाही. पुन्हा स्कॅन करायला वाचनालयात गेले, तेव्हा चाळीसपैकी तीन अंक वाळवीने खाल्ले होते. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून या विषयावर जे हाती येईल ते वाचत आले आहे, आणि ओळखीपाळखीचे लोक डिस्क घेण्याआधी मला फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो: ‘कुठल्या कंपनीची घेऊ?’ उत्तर माझ्याकडे आहे, पण ते दोन वाक्यांत बसत नाही, म्हणून हा आढावा.

कंपन्यांपासूनच सुरुवात करते, कारण तो भाग लवकर संपतो. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या आणि त्यात मावायची पन्नास लाख अक्षरं. पुढे या धंद्यात डझनांनी कंपन्या आल्या आणि एकेक करून गिळल्या गेल्या. आयबीएमचा विभाग हिताचीने घेतला, हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलने. मॅक्सटर २००६ मध्ये सीगेटकडे गेली, २०११ मध्ये सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदाही. फुजित्सूचा तोशिबाने घेतला. आज जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या तीनच आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा. डब्यावर लासी, ट्रान्सेंड, एडाटा असं काहीही छापलेलं असो, आतली डिस्क या तिघींपैकी एकीची असते. लासी तर सीगेटच्याच मालकीची आहे. म्हणजे दुकानात आठ नावं मांडलेली दिसतात, पण निवड तिघींतलीच.

मग त्या तिघींत टिकाऊ कोण? यावर खरीखुरी आकडेवारी फार थोड्या ठिकाणी आहे. कॅलिफोर्नियातली बॅकब्लेझ ही बॅकअपची सेवा देणारी कंपनी २०१३ पासून आपल्या प्रत्येक डिस्कची रोजची नोंद ठेवते आणि दर तिमाहीला कोणत्या मॉडेलच्या किती डिस्क गेल्या ते जाहीर करते. २०२४ च्या अखेरीस तिच्याकडे तीन लाखांवर डिस्क चालू होत्या. त्या वर्षी शंभरातल्या सुमारे १.५७ गेल्या, २०२३ मध्ये १.७०, २०२१ मध्ये १.०१. बॅकब्लेझच्या जुन्या इतिहासातली एक गोष्ट आपल्या प्रश्नाच्या थेट जवळची आहे. २०११ च्या पावसाळ्यात थायलंडमध्ये मोठे पूर आले, डिस्कचे कारखाने पाण्यात गेले, भाव कडाडले. सुट्या डिस्क परवडेनात म्हणून या मंडळींनी मॉलमधून एक्स्टर्नल डिस्कचे खोके भरभरून आणले, डबे फोडले आणि आतल्या डिस्क सर्व्हरमध्ये बसवल्या. त्या काळातल्या सीगेटच्या एका ३ टीबी मॉडेलने त्यांना जबर तडाखा दिला. डिस्क पटापट जाऊ लागल्या, शेवटी सगळा साठा काढून टाकायची पाळी आली, आणि २०१६ मध्ये अमेरिकेत त्या मॉडेलवरून ग्राहकांनी खटला भरला. पण त्याच कंपनीचं पुढचं ४ टीबी मॉडेल त्याच सर्व्हरमध्ये कितीतरी नीट चाललं. मला या सगळ्या आकडेवारीतून हाताला लागणारी गोष्ट हीच वाटते. चांगलं-वाईट असतं ते मॉडेल आणि त्याची बॅच. कंपनीच्या नावावरून त्याचा अंदाज येत नाही. आणि मॉडेल वाईट होतं हे कळेपर्यंत दोन-तीन वर्षं गेलेली असतात, तेव्हा ते दुकानातून गायबही झालेलं असतं.

माहितीपत्रकांतल्या आकड्यांवर तर मुळीच विसंबू नये. ‘दहा लाख तास’ असा बिघाडाचा सरासरी काळ छापलेला असतो. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं! कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. छापील आकड्यांप्रमाणे वर्षाला शंभरातली फार तर ०.८८ डिस्क जायला हवी होती. प्रत्यक्षात दोन ते चार बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी तेरापर्यंत. महागड्या सर्व्हरच्या डिस्क आणि साध्या डिस्क यांच्यातही त्यांना सांगण्याजोगा फरक दिसला नाही. शिवाय ‘पहिलं वर्ष निभावलं की पुढची पाच वर्षं चिंता नाही’ हा समजही टिकला नाही. वय वाढेल तसं जाण्याचं प्रमाण वाढतच गेलं.

मात्र ही सगळी आकडेवारी ज्या डिस्कची आहे, त्यांचं आयुष्य आपल्या डिस्कसारखं नसतं. त्या रॅकमध्ये स्क्रूने घट्ट बसवलेल्या, थंड खोलीत, अखंड विजेवर, वर्षानुवर्षं फिरत असतात. आपली पिशवीतून गाडीवर जाते, कपाटात साड्यांखाली डांबरगोळ्यांशेजारी पडून राहते, लग्नाच्या हॉलमध्ये जनरेटरच्या विजेवर चालणाऱ्या संगणकाला जोडली जाते. ती कशाने जाते याची यादी वेगळी आहे.

यादीत सगळ्यात वर आहे धक्का, तोही फिरत असतानाचा. अडीच इंची पोर्टेबल डिस्कची तबकडी बहुधा काचेची असते आणि मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला नव्वद फेरे घेते. वाचणारं हेड तिला टेकत नाही. तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या पातळ थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाडीचा असतो, त्यावरून अंदाज करावा. डिस्क बंद असताना हेड बाजूच्या उतारावर सुरक्षित जाऊन बसतं, म्हणून बंद डिस्क फिरत्या डिस्कपेक्षा दुपटीहून जास्त धक्का सोसते. पिशवीतून पडलेली डिस्क वाचते आणि टेबलावर कलंडलेली जाते, ते यामुळे. हे एकदा समजलं की डिस्क उभी करून ठेवणाऱ्या शोभेच्या स्टँडकडे बघवत नाही. चालू डिस्क आडवी, टेबलाच्या आतल्या बाजूला, केबलला ढील देऊन ठेवायची. आणि फिरत असताना उचलायची नाही, अगदी इकडून तिकडे सरकवायलाही नाही.

दुसरा नंबर केबलचा आणि विजेचा. जुना यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपियर देतो, ३.० चा ९००. डिस्कला सुरू होतानाच्या क्षणी बऱ्यापैकी विजेची भूक असते. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचा जुना पोर्ट, त्यात लांब, बारीक, स्वस्त केबल, की डिस्क फिरायला लागते आणि दम सुटून थांबते. आवाज खराब डिस्कसारखाच येतो. मला ‘डिस्क गेली’ म्हणून आलेल्या फोनांपैकी बऱ्याच जणांची फक्त केबल गेलेली होती. रुंद, चपट्या तोंडाची मायक्रो-बी केबल तर विशेष नाजूक. दोन वर्षांत ढिली होते. सी-टाइपचा जोड असलेलं मॉडेल मिळत असेल तर माझी पसंती त्याला. पण एक अट: पडलेली डिस्क केबल बदलून बघायला घेऊ नये. न पडलेलीवरच हा प्रयोग करायचा.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कना १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. घरात लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर असतो आणि पिन कधी कधी तीच बसते. त्या एका चुकीने डिस्कचा बोर्ड जळतो. डिस्क आणल्या दिवशीच तिच्या अडॅप्टरवर रंगीत चिकटपट्टी लावून टाकावी.

आता डब्यावर जे लिहिलेलं नसतं त्याकडे वळू. १ टीबीची डिस्क संगणकावर ९३१ जीबी दाखवते ही लबाडी नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या. यावरून दुकानदाराशी भांडू नये. भांडण्याजोगी गोष्ट वेगळी आहे, आणि ती म्हणजे ‘एसएमआर’. यातला पहिला शब्द ‘शिंगल्ड’, म्हणजे कौलारू. तबकडीवर माहितीचे गोल पट्टे असतात. ते एकमेकांवर थोडे चढवून बसवले की तेवढ्याच जागेत जास्त मावतं. पावसाळ्याआधी ज्यांनी घराची कौलं परतली आहेत त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही: मधलं एक फुटकं कौल बदलायचं तर त्याच्यावर टेकलेलं कौल उचलावं लागतं, त्यासाठी त्याच्या वरचं. डिस्कलाही एक फाइल बदलताना शेजारचे पट्टे वाचून पुन्हा लिहावे लागतात. थोडं लिहायचं असेल तर ती आधी मोकळ्या जागेत पटकन उतरवून घेते आणि मग सवडीने लावत बसते. पण एकदम तीन-चारशे जीबी टाकायला घेतलं की सुरुवातीला सेकंदाला सव्वाशे एमबीने धावणारी डिस्क दहा-वीसवर येते.

बहुतेक नव्या पोर्टेबल डिस्क याच पद्धतीच्या आहेत आणि खोक्यावर ते लिहिलेलं नसतं. २०२० च्या एप्रिलमध्ये यावरून गदारोळ झाला होता. वेस्टर्न डिजिटलने घरगुती सर्व्हरसाठी म्हणून विकलेल्या ‘रेड’ मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, ग्राहकांना त्याचा पत्ता नव्हता. ओरड झाल्यावर कंपन्यांनी मॉडेलवार याद्या जाहीर केल्या. पोर्टेबल डिस्कपुरतं बोलायचं तर कौलारू पद्धतीमुळे डिस्क लवकर मरते असं नाही. धोका तिच्या संथपणात आहे. कॉपी अडकली असं वाटून माणूस कंटाळतो आणि केबल उपटतो. आतली जुळवाजुळव अर्धवट राहते. तेव्हा मोठी कॉपी रात्री लावावी आणि सकाळपर्यंत तिच्याकडे बघू नये.

दुसरी न छापलेली गोष्ट यूएसबीच्या जोडाची. काही पोर्टेबल डिस्कमध्ये आत साधी लॅपटॉपची डिस्क असते आणि तिला एक छोटी यूएसबीची पट्टी जोडलेली असते. पट्टी बिघडली तर डबा उघडून डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये टाकता येते. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्ट, एलिमेंट्स यांसारख्या मॉडेलांत मात्र बरीच वर्षं यूएसबीचा जोड थेट डिस्कच्या बोर्डावरच असतो. जोड तुटला की काम रिकव्हरीवाल्याकडे. माय पासपोर्टच्या अनेक मॉडेलांत तर सगळी माहिती आतल्या चिपमधून कुलूपबंद होऊनच लिहिली जाते, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरीही. ती चिप गेली की निरोगी तबकडीवरचं सगळं अक्षरशः अगम्य. हे वाईट यंत्र आहे असं मी म्हणत नाही. चोरीला गेली तर हेच कुलूप कामाला येतं. पण ज्याला दुरुस्तीची सोय हवी, त्याने सुटी डिस्क आणि सुटं केसिंग घेऊन स्वतः जोडावं. जोडायला एक स्क्रूड्रायव्हर आणि दहा मिनिटं लागतात.

किती मोठी घ्यावी? इथे माझं मत ठाम आहे. अडीच इंचांत ५ टीबीची डिस्क पंधरा मिलिमीटर जाड असते; सीगेटच्या अशा डिस्कमध्ये पाच तबकड्या आणि दहा हेड असतात. त्याच कंपनीच्या सात मिलिमीटरच्या २ टीबीमध्ये दोन तबकड्या, चार हेड. दहांतलं एक हेड गेलं तरी डिस्क गेलीच. जेवढे हलते भाग कमी तेवढं बरं. ५ टीबीच्या एका डिस्कच्या पैशात २ टीबीच्या दोन घ्याव्यात आणि दोन्हींवर तेच ठेवावं. ज्यांचं सामानच पाच-सहा टीबीचं आहे, म्हणजे लग्नाचं शूटिंग करणारे, त्यांनी पोर्टेबलचा नाद सोडून साडेतीन इंची घ्यावी. ती एका जागी राहते, एवढ्यानेच तिचं आयुष्य वाढतं.

‘मग सरळ एसएसडीच घेऊ का?’ हा हल्लीचा प्रश्न. पैसे असतील तर, आणि रोजच्या ने-आणीसाठी असेल तर, जरूर घ्यावी. आत हलणारं काही नाही, पडली तरी बहुधा काही होत नाही, वेग चौपट ते दसपट. त्याच क्षमतेला हार्ड डिस्कपेक्षा बरेच जास्त पैसे पडतात. पण एसएसडी जाते तेव्हा खटखट करत नाही. काल होती, आज नाही. कंट्रोलर बसला की चिपवरची विखुरलेली माहिती जुळवणं हार्ड डिस्कपेक्षा अवघड जातं. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम आणि एक्स्ट्रीम प्रो या, फोटोग्राफर मंडळींच्या लाडक्या पोर्टेबल एसएसडींपैकी मोठ्या क्षमतेच्या काहींनी अचानक सगळं पुसून टाकल्याच्या तक्रारी आल्या. मे महिन्यात तेव्हाची मालक कंपनी वेस्टर्न डिजिटलने फर्मवेअर सुधारून दिलं, ऑगस्टमध्ये अमेरिकेत खटले दाखल झाले. त्याआधी त्या मालाचं नाव अतिशय चांगलं होतं.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. एसएसडीवरची माहिती म्हणजे बारीक कप्प्यांत अडकवून ठेवलेला विद्युतभार. तो हळूहळू झिरपतो. या उद्योगाच्या मानकांप्रमाणे घरगुती एसएसडीने तिची लिहिण्याची मर्यादा पूर्ण वापरून झाल्यावर, विजेशिवाय, ३० अंश सेल्सिअसला निदान एक वर्ष माहिती धरून ठेवायची असते. नवी एसएसडी यापेक्षा पुष्कळ जास्त काळ धरते. पण उष्णता वाढली की ही मुदत घटते, आणि पत्र्याच्या घरातलं कपाट उन्हाळ्यात किती तापतं ते आपण जाणतो. म्हणून नातवाचे फोटो ‘एकदा टाकून ठेवले की झालं’ अशा विचाराने एसएसडी कपाटात टाकू नये. त्या कामाला हार्ड डिस्कच बरी.

उष्णतेचा विषय निघालाच आहे. अनेक पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलेलं असतं. नागपूर, चंद्रपूर, जळगावकडे मे महिन्यात हे वाचून हसू येईल. डिस्क ३६ अंशांना बंद पडत नाही, पण चाळिशीतल्या खोलीत गादीवर ठेवून चार तास कॉपी चालवली की आतलं तापमान साठीकडे जातं. खाली लाकूड किंवा स्टीलची ताटली, वर पंखा आणि शक्यतो पहाटेची वेळ. कोकणात आणि गोव्यात शत्रू वेगळा: दमट, खारी हवा. तिथे झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. एसीतून बाहेर आणली की लगेच लावू नये. अर्धा तास तिला खोलीच्या हवेला येऊ द्यावं.

परदेशातल्या लेकीला लग्नाचं शूटिंग पाठवायचं असलं की विमानतळावरच्या क्ष-किरणांची भीती लोकांना वाटते. त्यांनी डिस्कला काही होत नाही. चेक-इनच्या बॅगेतल्या आदळआपटीने होतं. हातातल्या बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळून न्यावी.

खरेदी करताना दोन फसवणुकी ओळखता आल्या पाहिजेत. पहिली ऑनलाइन: दीड-दोन हजारांत ‘१६ टीबी एसएसडी’. आत एक लहान मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि त्याला खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. फाइली जाताना दिसतात, नावंही दिसतात, पण कार्ड भरलं की नवी माहिती जुनीवर लिहिली जाते. माणसाला सहा महिन्यांनी कळतं. दुसरी फसवणूक जास्त अवघड: जुनी डिस्क नवी म्हणून. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीतल्या हाइझे या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने असा प्रकार उघडकीला आणला. सीगेटच्या सर्व्हरसाठीच्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या आणि प्रत्यक्षात हजारो तास चाललेल्या होत्या. चिया या क्रिप्टोचलनासाठी वापरून झालेल्या डिस्क असाव्यात असा संशय होता. वापराचे तास मोजणारी नेहमीची नोंद कोणीतरी पुसली होती; कंपनीच्या आणखी खोल एका नोंदीत ती सापडली. आपल्याकडच्या बाजारात हाच प्रकार लहान प्रमाणावर दिसतो: जुन्या लॅपटॉपमधून काढलेली डिस्क, नवं बिननावाचं केसिंग, आणि ‘सहा महिने आमची गॅरंटी’. पक्कं जीएसटी बिल, सीलबंद खोका, आणि सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का हे दुकानात उभं राहूनच बघावं. बाहेरच्या देशातून आणलेल्या मालाला इथे वॉरंटी नाकारली जाऊ शकते. आणि वॉरंटी डिस्कची असते, तिच्यावरच्या माहितीची नसते. काही मॉडेलांसोबत डेटा रिकव्हरीची सेवा मिळते, ती मात्र विचारून घ्यावी.

घरी आणली की तिच्यावर लगेच काही टाकू नये. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम उघडून डिस्क किती तास चालली आहे ते बघायचं. नवी असेल तर आकडा शून्य किंवा त्याच्या आसपास हवा. मग ती पूर्ण भरून पूर्ण वाचायची. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू, लिनक्सवर एफ-थ्री हे मोफत प्रोग्राम तेच करतात. २ टीबीची डिस्क सेकंदाला शंभर एमबीने भरायला साडेपाच तास, वाचायला तेवढेच. कौलारू असेल तर जास्तच. रात्रभर चालू द्यावं. खोटी क्षमता, ढिली केबल, कच्ची तबकडी, सगळं या एका रात्रीत उघडं पडतं, आणि परत करण्याची मुदत अजून हातात असते. सकाळी पुन्हा क्रिस्टलडिस्कइन्फो. तीन ओळी बघायच्या: ०५ म्हणजे डिस्कने बाद करून बदललेले सेक्टर, सी-५ म्हणजे संशयित, सी-६ म्हणजे न वाचता आलेले. तिन्ही शून्य हवेत. मॅकवर ही माहिती यूएसबीतून सहजी दिसत नाही, तेव्हा कुणाचा तरी विंडोज लॅपटॉप तासभर मागून घ्यावा.

हेच आकडे पुढे दर सहा महिन्यांनी बघायचे. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. तपासणीत वाचनाची पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत जाण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट निघाली. म्हणून सी-५ शून्यावरून हलला की ‘अजून चालतेय की’ म्हणत बसायचं नाही, त्याच दिवशी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. पण त्याच अभ्यासात हेही होतं: गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्के, अशा होत्या की त्यांच्या महत्त्वाच्या चारही खुणांत आधी काहीच दिसलं नव्हतं. हे वाचल्यावर मी एका डिस्कच्या विश्वासार्हतेचा विचार करणं सोडून दिलं.

अमेरिकेतले छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी मांडलेला तीन-दोन-एकचा नियम आता सगळेच सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. मी त्याला एक पुस्ती जोडते. दोन डिस्क एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच मॉडेलच्या घेऊ नयेत; एका बॅचच्या बहिणी एकाच दुखण्याने जाऊ शकतात. आणि कायम जोडलेली डिस्क ही प्रत धरू नये. खंडणीखोर व्हायरस संगणकाबरोबर तिलाही कुलूप घालतो. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या इंटरनेटला जोडलेल्या जुन्या डिस्क जगभर अनेकांच्या घरी एकाएकी रिकाम्या झाल्या. हल्लेखोरांनी त्या दुरून पुसल्या होत्या. क्लाउड चांगलं आहे, पण ५० एमबीपीएसच्या अपलोडने १ टीबी चढवायला ४४ तास लागतात, आणि दरमहा पैसे भरणं थांबलं की काय होतं हेही बघून ठेवावं.

आज दिवाळी अंकांची स्कॅन माझ्याकडे दोन डिस्कवर आहेत, दोन कंपन्यांच्या, आठ महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या. खरेदीची तारीख मार्करने पाठीवर लिहिलेली आहे. एक माझ्याकडे, एक बहिणीकडे कोल्हापूरला. गणपतीत ती येते तेव्हा तिच्याकडची घेऊन येते, पाडव्याला मी जाते तेव्हा माझ्याकडची नेते, आणि नवं काम दोन्हींवर चढतं. गेल्या गणपतीत तिची डिस्क लावली, तर सी-५ समोर ८ हा आकडा. फाइली सगळ्या उघडत होत्या, आवाज नव्हता, वेगही नेहमीचा. त्या रात्री आरतीनंतर माझ्या डिस्कवरून तिसऱ्या, नव्या डिस्कवर कॉपी लावली आणि ती सकाळी साडेसहाला संपली. आठवाली डिस्क पूर्ण पुसून सर्व्हिस सेंटरला दिली. वॉरंटीचे चार महिने उरले होते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी बहीण निघाली, तेव्हा नवी डिस्क तिच्या पर्समध्ये, मऊ रुमालात गुंडाळलेली होती.